प्रश्न तुमचा, मग निमित्त नातवाचं कशाला?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी वाईची. पोस्टातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. शाळेत मला विज्ञान फार आवडायचं, पण दहावीनंतर घरच्यांनी आर्ट्सला घातलं आणि तो विषय तिथंच सुटला. यंदा २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं निमित्त करून नऊ वर्षांच्या नातवाला पुण्याला घेऊन गेले. एका संस्थेत सगळ्यांना मोफत प्रवेश होता. दारातली मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा, आम्ही बाळाला फिरवून आणतो." मी बसले नाही. पृथ्वीच्या गतींवर एक व्याख्यान होतं, ते ऐकलं. नातू वीस मिनिटांत कंटाळला आणि "भेळ खाऊ या" म्हणून मागे लागला. मी मात्र रमले. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" असं विचारलं, तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न होता. पृथ्वी सूर्याभोवती एवढी फिरते, तर ध्रुव तारा बारा महिने एकाच जागी कसा दिसतो? पण आजूबाजूला सगळी कॉलेजची मुलं, बोलणं निम्मं इंग्रजीत. तोंडातून शब्द फुटेना.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता या वयात परीक्षा द्यायची आहे का तुला?" सून म्हणते, त्यापेक्षा मुलाला सुट्टीत 'ब्रेन'च्या क्लासला घालू, तिथं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात. फी बरीच आहे. मुलगी नागपूरला असते, ती मात्र म्हणते, आई तू जात राहा.

असे कार्यक्रम माझ्यासारखीसाठी असतात का? नातवाला पुन्हा न्यावं का? आणि दर वेळी पुणं गाठण्यापेक्षा आमच्या वाईतच काही करता येईल का?

– एक आजी, वाई

सल्ला

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीचं मागाहून.

ध्रुव हलत नाही याचं शाळेतलं ठरलेलं उत्तर असं की पृथ्वीचा अक्ष जवळपास त्याच्याच दिशेनं रोखलेला आहे. ते खरं आहे, पण अर्धं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि रात्रभरात बाकीचे तारे सरकतात, तेव्हा ध्रुव का सरकत नाही, एवढंच त्यातून कळतं. तुम्ही विचारलंत ते वर्षाच्या फेरीबद्दल. जानेवारीत पृथ्वी जिथं असते तिथून जुलैत ती सुमारे तीस कोटी किलोमीटर लांब गेलेली असते. अक्ष त्याच दिशेला राहिला हे कबूल, पण बघणाराच एवढा बाजूला गेला तर समोरचा तारा थोडा तरी सरकलेला दिसायला हवा की नको?

हवा. आणि ही शंका तुमच्या एकटीची नाही. कोपर्निकसनं पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे १५४३ साली छापून प्रसिद्ध केलं, त्यानंतर टायको ब्राहे या डेन्मार्कच्या खगोलशास्त्रज्ञानं हाच मुद्दा काढला. दुर्बीण अजून यायची होती. नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या कोनमापकांनी त्याच्याइतकी काटेकोर निरीक्षणं तोवर युरोपात कुणी केली नव्हती. त्याला तारे सरकलेले दिसेनात. म्हणजे एक तर पृथ्वी फिरत नाही, नाही तर तारे कल्पनेपलीकडे लांब आहेत. दुसरी गोष्ट त्याला पटेना, म्हणून त्यानं पृथ्वीला जागच्या जागी ठेवलं. तो चुकला, पण त्याचा तर्क चोख होता. तारे खरोखर सरकतात हे मोजून दाखवायला १८३८ साल उजाडावं लागलं. बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं सरकणं पकडलं, आणि ते एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाइतकंही नव्हतं. तो तर जवळचा तारा. ध्रुव सव्वाचारशे ते साडेचारशे प्रकाशवर्षं लांब आहे. आज रात्री तुम्हाला दिसेल तो त्याचा प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघालेला आहे.

आकडे डोक्यावरून जात असतील तर असं करा. पृथ्वीची अख्खी कक्षा कागदावर एक सेंटीमीटर रुंद काढा आणि तो कागद वाईत तुमच्या देवघरासमोर ठेवा. त्याच मापानं ध्रुव तारा कुठं येईल? कोल्हापूरच्या आसपास. आता त्या एक सेंटीमीटरच्या या टोकाकडून त्या टोकाला जाऊन कोल्हापूरकडे बघितलं, तर दिशेत काय फरक पडणार! पडतो, पण तो मोजायला फार नाजूक उपकरणं लागतात.

आणखी एक. ध्रुव अगदी स्थिर आहे हेही तंतोतंत खरं नाही. तो आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, म्हणून रोज एक छोटंसं वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाची त्रिज्या पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जराशी मोठी. शिवाय पृथ्वीचा अक्षच सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घालतो, त्यामुळे पाचेक हजार वर्षांपूर्वी ध्रुवाचं पद दुसऱ्याच ताऱ्याकडे होतं. बाळ ध्रुवाला अढळपद दिल्याची गोष्ट नातवाला सांगाल तेव्हा हेही सांगा. त्याला मजा येईल.

तर असा प्रश्न तुम्ही गिळून घरी आणलात. मी ते व्याख्यान देणारा असतो तर मला हळहळ वाटली असती. व्याख्यात्याला संध्याकाळभर लक्षात राहतील असे प्रश्न दोन-तीनच येतात. बाकीचे "ब्लॅक होलमध्ये पडलो तर काय होईल?" या जातीचे असतात, आणि ते कुठल्याही विषयावरच्या व्याख्यानानंतर येतात, अगदी मधमाश्यांवरच्यासुद्धा. काहींचे तर प्रश्नच नसतात. माइक हातात आला की उठून स्वतःचा परिचय, मग विषयाचं महत्त्व, मग आपण १९८५ साली काय वाचलं होतं ते. प्रश्न कमी, मनोगत जास्त. तुमच्यासारखी बाई उभी राहून एका वाक्यात ध्रुवाचं विचारते, तेव्हा व्यासपीठावरचा माणूस सुखावतो.

आता ते विचारायचं कसं? व्याख्यान चालू असताना प्रश्न सुचला की तिथंच चिठ्ठीवर लिहून काढा. वहीत नको, पानं उलटण्यात वेळ जातो. बसायला कडेची खुर्ची धरा, म्हणजे माइक घेऊन फिरणाऱ्या पोराला तुमचा हात दिसतो. लिहिलेलं वाचून दाखवलंत तरी चालतं, त्यात कमीपणा नाही. आणि मराठीत विचारा. पुण्या-मुंबईच्या संस्थांत व्याख्याता बंगाली किंवा तमिळ असू शकतो, त्याला मराठी कळणार नाही. पण सभागृहातलं कुणी ना कुणी भाषांतर करून देतंच. भर सभेत धीर झाला नाही, तर कार्यक्रम संपल्यावर पुढं जा. तिथं चार-पाच जणांचं कोंडाळं असतं, त्यात उभं राहायचं. खरी चर्चा पुष्कळदा तिथंच होते, आणि चहा असला तर चहाजवळ. काहीच सुचलं नाही तर विचारायला एक प्रश्न कायम जवळ ठेवा: "हे तुम्हाला कळलं कसं?" अंतर एवढं, तापमान तेवढं असं कुणी म्हणालं की हे विचारायचं. बरं व्याख्यान असेल तर ते इथून पुढं रंगतं. आणि बरं नसेल तर ते तेवढ्यात उघडं पडतं.

तुमच्या पत्रात मला खुपलं ते दारातल्या मुलीचं "खुर्चीवर बसा" नाही. ती बिचारी सकाळपासून उभी असेल आणि तिनं माणुसकीनंच खुर्ची दाखवली. खुपलं ते हे, की जायचं होतं तुम्हाला आणि नेलंत नातवाला. मोठ्या माणसांना, त्यातून बायकांना, नुसत्या हौसेखातर कुठं जायची सवय नसते. देवदर्शन चालतं, लग्न चालतं, दवाखाना चालतो. "मला ग्रहणांबद्दल ऐकायचंय म्हणून पुण्याला जाऊन येते" हे वाक्य घरात उच्चारताना जीभ अडखळते. मग नातू पुढं करायचा. तो कंटाळला की आपली हौस अर्ध्यावर सोडून भेळेच्या गाडीकडे जायचं. यात दोघांचंही नुकसान होतं.

तेव्हा पहिला सल्ला, दोघांच्या वाटा वेगळ्या करा.

नातवाचं आधी बघू. नऊ वर्षांच्या मुलाला पृथ्वीच्या गतींवरच्या व्याख्यानात वीस मिनिटं बसवलंत हेच पुष्कळ झालं. या वयाला ऐकायला नको असतं, हात घालायला हवं असतं. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांनी वस्तू हाताळून शिकावं असाच सगळा बेत आहे. इमारतीचं नाव पुलस्त्य, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचं काम तिथंच बरीच वर्षं केलं. त्यांची शेकडो खेळणी आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा. त्यामुळे नातवासाठी पुण्याला जाण्याचीही गरज नाही, निदान सुरुवातीला.

एक खेळणं सांगतो, घरी करून बघा. एक मोठा सेल घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन उभी धरून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट आवळा. मधोमध सेलच्या पाठीवर जुन्या स्पीकरमधला चुंबक ठेवा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल म्हणजे वीज न वाहणारा लेप चढवलेली तांब्याची तार मिळते, ती हातभर आणा. सेलभोवतीच दहाएक वेढे देऊन कडं करा, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढा आणि पिनांच्या भोकांत अडकवा. आता कळीचा मुद्दा. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त एका बाजूनं. बोटानं जरासा धक्का दिला की कडं गरगर फिरायला लागतं. पहिल्या खेपेला बहुतेक फिरणार नाही. टोकं एका रेषेत नसतील, किंवा खरवडणं कमी पडलं असेल. ती खटपट नातवालाच करू द्या, मधे हात घालू नका. फिरायला लागलं की त्याला विचारा, दुसरं टोक अर्धंच का खरवडलं? पूर्ण खरवडून बघ म्हणावं काय होतं ते. मग कडं नुसतं डुचमळतं आणि अडकतं; कारण अर्ध्या फेरीत वीज बंद व्हावी लागते, नाही तर पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला रेटा दुसऱ्या अर्ध्या फेरीत उलटा लागतो. हे त्याला तुम्ही सांगण्याआधी सापडलं तर उत्तम. सेल तापतो, तेवढं लक्ष ठेवा, आणि सतत जोडून ठेवू नका.

दोन-तीन वर्षांनी तो सहावी-सातवीत गेला की मग व्याख्यानांचं बघा. आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी प्रात्यक्षिकांसह व्याख्यानं होत आली आहेत, पण ती मुख्यतः आठवी ते दहावीच्या मुलांसाठी. आत्ता तिथं नेलंत तर भेळ ठरलेली.

आता २८ फेब्रुवारीबद्दल. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपल्या शोधाची घोषणा केली, म्हणून १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी एरवी बंद असलेली दारं उघडतात हे खरं, पण आत काही समजून घ्यायचं असेल तर तो दिवस सगळ्यात वाईट. शाळांच्या बसगाड्या, रांगा, आणि प्रत्येक तक्त्यापाशी पाठ केलेलं घडाघडा म्हणणारं एखादं मूल. मधेच अडवून प्रश्न विचारला तर ते पुन्हा "नमस्कार, माझे नाव"पासून सुरू करतं. त्याचा दोष नाही, बाईंनी तसंच बसवून घेतलेलं असतं. विज्ञान दिनाला डोकवायला जावं, शिकायला नंतर साध्या दिवशी यावं. फोन करून वेळ आणि परवानगी विचारून गेलात तर पुष्कळ संस्था नीट दाखवतात. आयुकात मधल्या इमारतीत फुकोचा लंबक आहे. तुमचा ओढा पृथ्वीच्या गतींकडे दिसतो, म्हणून त्याच्यापाशी थोडा वेळ काढा. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, कारण खालची जमीन फिरते आहे. ध्रुवावर हे वळण एका दिवसात पुरं होतं. पुण्यात त्याला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो.

एक अपवाद मात्र कराच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधे एकवटलेल्या आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. ज्या लांबीच्या लहरी त्या पकडतात त्यांना जाळी पुरते, आणि वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली करतात, आणि जुन्नर-आंबेगाव भागातल्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. ही गर्दी सोसण्याजोगी आहे. मोबाईल बंद ठेवायला लागतो, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींपुढं तुमच्या पर्समधला फोन म्हणजे केवढा तरी गोंगाट.

आणि तुम्ही एकट्या, किंवा एखादी मैत्रीण जोडीला घेऊन, कुठं जाल? पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात तिचं ठिकाण. 'हौशी' म्हणजे काय ते तिथं गेल्यावर कळतं: बँकेतले, वकील, गृहिणी, निवृत्त मंडळी. शहराबाहेर अंधारात नेऊन रात्रभर आकाश दाखवायचे कार्यक्रम तिथले लोक करतात, ते तुमच्यासाठीच आहेत असं समजा. स्वेटर आणि थर्मास बरोबर घ्या. मुंबईच्या चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून सगळा कारभार मराठीत करते. तिच्या गावोगावी शाखा आहेत, मासिक पत्रिका आहे. इंग्रजीचा तुम्हाला अडसर वाटतो ना, मग वर्गणी भरून ती पत्रिका लावाच. पोस्टानंच येईल.

मुंबईकर वाचकांसाठी जाता जाता: टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) शास्त्रज्ञ २००९ पासून 'चाय अँड व्हाय' नावाच्या गप्पा घेतात, जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी. चहाचा कप हातात, समोर प्रयोग, आणि शेजारी दहा वर्षांची मुलगी न् सत्तरीचे गृहस्थ एकत्र. निघण्याआधी तारीख बघून घ्या. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र आणि पणजीजवळ मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र ही तर मुलांना घेऊन दिवसभर रमण्याची ठिकाणं.

चिरंजीवांनी परीक्षेचं विचारलं आहे. त्यांना म्हणावं, परीक्षा नाही म्हणूनच मजा आहे. मायकेल फॅरेडे हा लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणारा मुलगा. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं दिलेल्या तिकिटांवर तो हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांना गेला, टिपणं काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हीलाच पाठवली. पुढच्या वर्षी तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. वीज कशी तयार करायची हे त्यानंच पुढं जगाला दाखवलं. तुम्हाला काही शोध लावायचा नाही हे ठाऊक आहे. सांगायचं एवढंच की श्रोत्यांत कोण बसलंय याचा अंदाज बाहेरून करू नये, घरच्यांनी तर नाहीच.

नारळीकरांचीच एक गोष्ट तुमच्या खात्यातली आहे. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून खाली सही करीन. तशी किती तरी कार्डं तुमच्या-माझ्या पोस्टांतून गेली-आली असणार. ते २०२५च्या मेमध्ये गेले, पण पद्धत चांगली आहे. तुम्ही नातवाशी सुरू करा. तो फोनवर बोलायला कंटाळत असेल, पण स्वतःच्या नावानं आलेल्या कार्डाला उत्तर देईल.

सूनबाईंच्या क्लासबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर जास्त शाई घालवायची इच्छा नाही. पट्टी बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, मुलं तिथून खाली बघून वाचतात. काहींना आपण तसं करतोय हे नीटसं उमगतही नाही, काहींना पक्कं ठाऊक असतं. कागद खालून हलवून डोळ्यांसमोर कपाळाच्या उंचीवर धरा, किंवा मुलाच्या नाकाखाली एक पुठ्ठा आडवा लावा, की विद्या संपते. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी असे दावे वारंवार उघडे पाडले आहेत. सूनबाईंना वाद घालून पटवायला जाऊ नका. त्यांना म्हणा, फी भरण्याआधी आपणच एकदा पुठ्ठा धरून बघू. संचालकांनी ते करू दिलं नाही, तर उत्तर मिळालंच.

राहिला वाईचा प्रश्न. त्यासाठी संस्था, निधी, उद्घाटन काही नको. मे महिन्यात तुमच्याकडे वसंत व्याख्यानमालेचा मोसम असतो, मुलांना सुट्टी असते, आणि नेमका तेव्हाच एक फुकटचा कार्यक्रम आकाशात होतो: शून्य सावली.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर येतो. रोज दुपारी येतो अशी समजूत आहे, ती खरी नाही. वाईत तो ११ मेच्या सुमारास येतो आणि परत जाताना १ ऑगस्टच्या आसपास. पण तेव्हा पावसाळी ढगांत तो दिसण्याची आशा कमी. वेळ बाराची नाही. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीच्या अलाहाबादजवळून) जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि वाई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून आपली खरी मध्यान्ह त्या दिवशी साडेबाराला होते. बारा दहापासून शाळेच्या मैदानावर किंवा ग्रंथालयाच्या अंगणात एक मीटरची सरळ काठी रोवा. घाटावर नको, मे महिन्यात त्या दगडांवर पाय भाजतील. काठी उभी आहे ना हे गवंड्याच्या ओळंब्यानं तपासा, सगळी अचूकता तिथंच आहे. दर पाच मिनिटांनी मुलांना सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करायला सांगा. सावली आखूड होत होत काठीच्या बुंध्यात शिरते आणि मग दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. एखादा दिवस चुकला किंवा ढग आले तरी बिघडत नाही. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी मध्यान्हीची सावली जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. आणि ११ मेनंतर जुलै संपेपर्यंत वाईत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. हे जन्मभर वाईत राहिलेल्या किती जणांनी पाहिलंय, ते विचारून बघा.

पुण्यात हाच प्रकार १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ला, नाशकात २०च्या आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. नागपूरची मुलगी तुमच्या बाजूनं आहे, तर तिला कामाला लावा. तुमच्याकडे शून्य सावली होईल त्याच दिवशी तिनंही एक मीटरची काठी उभी करायची. तिची मध्यान्ह तुमच्या आधी, बारा दहाच्या सुमारास होईल. तिला सगळ्यात आखूड सावली साडेपाच-सहा सेंटीमीटरची मिळायला हवी. त्यावरून सूर्य तिच्या डोक्यापासून किती अंश कलला आहे ते निघतं, सव्वातीनच्या आसपास. कागदावर मापानं त्रिकोण काढून कोनमापकानं मोजलं तरी चालेल, दहावीचं कुणी असेल तर गणितानं काढील. मग नकाशावर वाईतून पूर्व-पश्चिम रेघ मारा आणि नागपूरहून तिच्यावर लंब टाका. ते अंतर साधारण ३५५ किलोमीटर भरेल. सव्वातीन अंशांना एवढे किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं बावीसशे वर्षांपूर्वी याच हिशोबानं पृथ्वीचा घेर काढला होता. तुमचा आकडा ४० हजार किलोमीटरच्या दोन-तीन हजार इकडे-तिकडे आला तर उत्तम. त्याहून जास्त चुकला तर बहुतेक नागपूरची काठी वाकडी होती. पुढच्या वर्षी मुलीला ओळंबा पाठवा.